दुसरी सही

महाद्वार रोडवरच्या बँकेत आकारामतात्यांनी रांगेतल्या पुढच्या जोडप्याला आपलं पेन दिलं आणि उगाच पासबुकात डोकं घातलं.

“सही कर, अक्काताई,” नवरा म्हणाला. “दोघांची लागती, त्याशिवाय ठेव मोडत न्हाय.”

“ही ठेव आपल्या आदितीच्या नर्सिंगच्या फीची हाय. सोमवारी शेवटची तारीख.”

“बस्तीच्या देवळात साऱ्या समाजासमोर पहिल्या अभिषेकाची बोली लावलीया मी. आता माघार घिऊ?”

“लावताना मला इचारलंतं?”

“देवाच्या कामाला बायकोला इचारत्यात व्हय?”

“मग सहीबी देवाकडनंच घ्या की.”

“हळू बोल. लोक ऐकत्यात.”

“बोली लावताना मोठ्यानंच बोललासा न्हवं?”

“चला, पुढं या,” खिडकीतून आवाज आला.

अक्काताईनं पेनाला टोपण लावलं.

“घ्या पावणं, तुमचं पेन. आमास्नी आता लागायचं न्हाय.”