गयेला सोडलेल्या भाज्या

नानाखेड्याच्या दवाखान्यात ऋताचा नंबर सतरावा होता. शेजारच्या बाकावर एक काकू नवऱ्याचा शुगरचा रिपोर्ट हातात धरून त्यांची उलटतपासणी घेत होत्या.

“रोज भाजी आणि फळं खा, असं डॉक्टरांनी बजावलंय.”

“खाल्ली असती गं. पण गयेला पिंडदान करताना गेलेल्यांसाठी एकेक पदार्थ कायमचा सोडतात, तसा बाबांच्या नावानं दुधी सोडला ना!”

“आणि कारलं?”

“आईच्या नावानं.”

“पालक?”

“मामांच्या.”

“पपई?”

“शेजारच्या तिवारीजींच्या. बिचाऱ्यांचं कोणी नव्हतं.”

“नावडतं तेवढंच बरोबर सुटतं! बटाटा नाही सोडलात कोणासाठी?”

“बटाटा सोडावा इतकं जवळचं कोणी अजून गेलंच नाही.”

“मग मी सोडते. घरात बटाटा बंद.”

“कोणाच्या नावानं?”

“तुमच्या.”

“कमाल करतेस! मी तर जिवंत आहे!”

“म्हणून तर आज विचारतेय. भाजी खाणार की नाही?”