रस्त्यापलीकडचं मतदान केंद्र

(बेलापूर. निवडणूक कार्यालय. दुपार.)

नंदिनी : बसा आजोबा, उभं राहून बोलायची गरज नाही. तुमची हरकत मी वाचलीये. पावणे गावातली नाल्याकाठची वस्ती. मतदान केंद्र परत वस्तीतल्या शाळेत आणा, असं तुमचं म्हणणं. बरोबर?

गंगाराम : बरोबर मॅडम. पहिलं जिथं व्हतं तिथं. अठरा वर्सं तिथंच मत दिलं आमी.

नंदिनी : ती इमारत धोकादायक म्हणून कळवलं गेलं, त्यामुळे विधानसभेच्या आधी केंद्र हलवलं.

गंगाराम : पोरं बसत्यात की तिथं. आज सकाळी बेलापूरला यायला निघालो तवा पाढे चालले व्हते.

नंदिनी : शाळा कुठे भरवायची ते माझ्या हातात नाही. माझ्यापुढे जो अहवाल येतो त्यावर मी निर्णय घेते. या सुचिताताई, तुमच्या भागाच्या बीएलओ. यादी तपासणं, केंद्राची जागा पाहणं हे काम यांच्याकडे. ओळखता ना?

गंगाराम : अंगणवाडीच्या बाई. वळकतो. माझ्या नातीला ह्यांनीच डोस पाजले.

सुचिता : ओळखतो मॅडम आमी एकमेकांना.

नंदिनी : तर यांचा अहवाल असा. वस्ती ते नवीन केंद्र, म्हणजे रस्त्यापलीकडचा कारखानदारांच्या संघटनेचा हॉल, अंतर चारशे मीटर. वाटेत नाला, रेल्वे, मोठा रस्ता असा कोणताही अडथळा नाही. रॅम्प आहे, पाणी आहे, पंखे आहेत. नियमाप्रमाणे दोन किलोमीटरच्या आत असलं की झालं. हे तर अर्धा किलोमीटरसुद्धा नाही.

गंगाराम : चारशे मीटर पक्ष्याला असंल मॅडम.

नंदिनी : म्हणजे?

गंगाराम : मधी मोठा रोड हाय. कंटेनर, टँकर, केमिकलच्या गाड्या, दिसरात. मधोमध दुभाजक, माझ्या छातीएवढा, वर लोखंडी जाळी. ओलांडायला जागा न्हाई. सिग्नल गाठायचा तर पार खाली, कंपन्यांच्या गेटांपाशी. तिथनं पलीकडं जायचं आन तेवढंच उलटं वर यायचं. कोन जातंय? मंग जिथं जाळी फाटलीय तिथनं चढायचं. बाया लुगडं वर खोचून चढत्यात. सगळ्या रोडासमोर.

नंदिनी : अहवालात तसं काहीच नाही. सुचिताताई, हे तुम्हाला नंतर विचारते. आधी दुसरा मुद्दा सांगते, कारण तो जास्त गंभीर आहे. तुमच्या भागात मतदार आठशे एक्केचाळीस. शाळेत केंद्र होतं तेव्हा पाचशे तीसच्या आसपास मतदान व्हायचं. मागच्या वेळी हॉलमध्ये किती झालं माहितीये? शहाण्णव. त्यामुळे नवीन यादीत तुमचा भाग शेजारच्या भागाला जोडायचा प्रस्ताव आहे. केंद्र हॉलच्याही पुढे जाईल, एखाद किलोमीटर.

गंगाराम : पुढं? कामून?

नंदिनी : मतदारांची उदासीनता, असा शेरा आहे.

गंगाराम : म्हंजी काय?

नंदिनी : म्हणजे लोकांना मत द्यायचीच इच्छा नाही.

गंगाराम : मॅडम, त्या शहाण्णवात माझी बायको व्हती. बयाबाई. तुमच्या कागदावर तिच्या नावापुढं खूण असंल बघा.

नंदिनी : थांबा, बघते. बयाबाई गंगाराम, वय त्रेसष्ट. हो, मतदान केलेलं आहे. मग आजोबा, तुम्हीच सांगा. त्रेसष्ट वर्षांच्या बाई जाऊन मत देऊन येऊ शकतात, तर—

गंगाराम : मत दिलं. आली न्हाई.

नंदिनी : काय म्हणालात?

गंगाराम : परत येताना गेली. दुभाजकावरून खाली उतरली आन कंटेनर आला. बोटावरची शाई वाळली नव्हती. मी पलीकडच्या बाजूला हुबा. पांढरं लुगडं नेसली व्हती. मत द्यायला ती दर टायमाला तेच नेसायची.

नंदिनी : मला... हे अर्जात नाही लिहिलेलं तुम्ही.

गंगाराम : अर्ज केंद्राचा हाय. त्यात बायकोचं कशाला लिवायचं? अर्ज लिवून देनारा म्हनला, मुद्द्याचं सांगा.

नंदिनी : पोलिसांत नोंद झाली असेल.

गंगाराम : झाली. 'जिथं ओलांडायला मनाई तिथनं रस्ता ओलांडताना.' पोरानं वाचून दाखिवलं. म्हंजी चूक तिचीच.

नंदिनी : सुचिताताई, तुम्हाला हे माहीत होतं?

सुचिता : हो मॅडम. मयताला गेलेली मी.

नंदिनी : आणि तरी अहवालात 'अडथळा नाही'?

सुचिता : अहवाल आधीचा हाय. ती गेली नंतर.

नंदिनी : रस्ता तर आधीपासून होता ना?

सुचिता : होता.

नंदिनी : मग तुम्ही पाहणी करायला गेलात तेव्हा तो दिसला नाही तुम्हाला?

सुचिता : मी गेलेच नव्हते, मॅडम.

नंदिनी : काय?

सुचिता : मी चालले नाय तो रस्ता. फॉर्म भरून आलेला. अंतर, अडथळा, इमारत धोकादायक, सगळं लिहून. मी निस्ती सही मारली.

नंदिनी : भरून कोणी आणला?

गंगाराम : ऱ्हाऊ द्या मॅडम. त्यांची नोकरी जाईल.

नंदिनी : आजोबा, एक मिनिट. सुचिताताई, कोणी?

सुचिता : माझ्या दिरांनी. कुंदन भावजींनी. कॉर्पोरेशनला उभे राहनारेत ते. त्या दिवशी घरी पाहुने होते, मी भाकऱ्या थापत होते. त्यांनी फॉर्म आणून ओट्यावर ठेवला. म्हणाले, वहिनी, वरून आलाय, अर्जंट हाय, सही टाका. माझे हात पिठाचे. त्यांनीच पेन दिलं. त्या फॉर्मवर अजून पिठाचा डाग असेल बघा.

नंदिनी : आहे. मला वाटलं चुना आहे.

सुचिता : मी विचारलं, भावजी, तिकडची मानसं रोड कशी ओलांडतील? ते म्हणाले, नाय ओलांडली तर नाय ओलांडली. तिकडची मतं कुठं आपली हायत.

नंदिनी : तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?

सुचिता : कळतंय.

नंदिनी : हे मी लिहून घेतलं तर तुम्हाला नोटीस निघेल. खोटा अहवाल. अंगणवाडीचं कामही जाऊ शकतं. किती वर्षं झाली?

सुचिता : अकरा.

नंदिनी : घरी एकत्र राहता?

सुचिता : खाली सासू आणि भावजी, वर आमी. घर त्यांच्याच नावावर हाय.

नंदिनी : मग पाच मिनिटं बाहेर जाऊन विचार करा. मी अजून पेन उचललेलं नाही.

सुचिता : विचार वर्षभर केला मॅडम. रोज अंगणवाडीत ह्यांची नात समोर बसते. आजीला काय झालं ते ती बाकीच्या पोरांना सांगते. तुमी लिहा.

नंदिनी : ठीक आहे, लिहिते. पण तुम्हा दोघांना आधीच सांगून ठेवते, या जबाबानं केंद्र हलणार नाही. अंतिम यादी उद्या सकाळी वर जाते. जुना अहवाल खोटा ठरला तर नवा अहवाल लागतो. नवा नसेल तर मग प्रस्ताव आहे तसाच जाईल.

गंगाराम : म्हंजी केंद्र अजून पुढंच जानार.

नंदिनी : हो. मी खोटी आशा लावत नाही.

सुचिता : नवा अहवाल आज दिला तर?

नंदिनी : प्रत्यक्ष चालून, वेळ लिहून, फोटोसकट, वस्तीतल्या एका मतदाराच्या सहीनिशी. सहाच्या आत माझ्या फोनवर. तरी मंजूर होईलच असं नाही. मी शिफारस करेन, वरचे काय करतील मला माहीत नाही.

सुचिता : आता सव्वातीन झालेत. काका, तुमचा गुडघा चालेल का?

गंगाराम : चालंल.

(पावणे. वस्तीतल्या शाळेचं फाटक. चार वाजून दहा मिनिटं.)

सुचिता : फाटकाचा फोटो झाला. घड्याळ लावलं. चला. जाळी फाटलीय तिथून नाय जायचं, बरोबर वाटेनं जायचं. सिग्नलवरून.

गंगाराम : हळू चाला बाई. माझ्याच चालीनं मोजा. तुमच्या चालीनं मोजलं तर पुन्हा चुकीचं व्हईल.

सुचिता : तुमच्याच चालीनं.

गंगाराम : जालन्यावरनं आलो तवा हा रोड एवढा नव्हता. मी ड्रमच्या कंपनीत व्हतो, समोरच. जेवायच्या सुट्टीत बया डबा घेऊन यायची, रोड ओलांडून. तवा दुभाजक नव्हता.

सुचिता : धूळ लय हाय. तोंडाला रुमाल बांधा.

गंगाराम : सवय हाय. तुमचा फोन वाजतोय.

सुचिता : वाजू दे.

गंगाराम : परत वाजतोय.

सुचिता : थांबा मग. हां, भावजी... रोडावर हाय... हो, तुमाला कोनी सांगलं?... हो, मी सांगलं. तुमचंच नाव सांगलं... नाय, मॅडमनी नाय विचारलं जबरदस्तीनं... आईंना द्या फोन... आई, पोरांना जेवायला घाला, मी उशिरा येन... काय?... बरं. मग माझे कपडे पिशवीत भरून ठेवा, मी घेऊन जाईन.

गंगाराम : घरातनं काढलं?

सुचिता : चला काका. फोन घेताना दोन मिनिटं थांबलो, ती वजा करते मी.

गंगाराम : राहनार कुठं?

सुचिता : जुईनगरला बहीन हाय, संध्या. तिचा एक हॉल-किचन हाय, पोरांसकट मावू का बघते. आमचे मालक कामावरून आले की कळेल, ते कोनाच्या बाजूनं हायत. चला, सिग्नल आला. हा किती वेळानं सुटतो?

गंगाराम : गाड्यांना लवकर सुटतो. मानसाला सुटतच न्हाई.

सुचिता : सहा मिनिटं उभे हाव आपन. लिहिते. हां, आता चला, हात धरा माझा.

गंगाराम : धरला. दम घेऊ का जरा?

सुचिता : घ्या. तोही वेळ लिहायचा. तुमच्यासारखे सगळे दम घेतीलच की.

गंगाराम : आता ह्या बाजूनं तेवढंच उलटं. ते समोर निळी ताडपत्री दिसती ना, ते माझं घर.

सुचिता : एवढं जवळ? इथून हाक मारली तर ऐकू जाईल.

गंगाराम : इथंच ती गेली, बाई. त्या फाटक्या जाळीपाशी.

सुचिता : काका, बसा थोडं.

गंगाराम : न्हाई, हुबाच ऱ्हातो. एक गोष्ट हाय, पोलिसाला सांगितली न्हाई. पोराला बी न्हाई. ती पुढं गेली व्हती, भात टाकायचा म्हनून. मी हॉलात पानी प्यायला थांबलो. तिचं मतदान कार्ड माझ्या खिशात ऱ्हायलं. बाहेर आलो तर ती दुभाजकावरून उतरत व्हती. मी हाक मारली. बये, तुझं कार्ड. ती थांबली आन मागं वळून बघाया लागली. हाक मारली नसती तर गेली असती पार.

सुचिता : काका, तुमी हाक मारली. तिला तिथून चढायला मी लावलं.

गंगाराम : तसं नका म्हनू.

सुचिता : मग तुमी पन नका म्हनू.

गंगाराम : म्हनत न्हाई. ध्यानात ऱ्हातं एवढंच.

सुचिता : इथला फोटो काढू?

गंगाराम : काढा. जाळीचा काढा, घर दिसंल असा.

सुचिता : काढला. चला, हॉल आला. ही पायरी, हा रॅम्प. पोचलो. पाच वाजून तीन मिनिटं. फोनची दोन वजा, एक्कावन्न मिनिटं. अंतर फोन दाखवतोय दोन किलोमीटर सहाशे. नियमाच्या बाहेर हाय काका, सहाशे मीटरनी. इथं सही करा.

गंगाराम : केली. नाव बरूबर आलं का?

सुचिता : आलं. आता तुमी रिक्षानं घरी जा, गुडघा सुजलाय. मी इथूनच पाठवते मॅडमना.

गंगाराम : इतक्यात पाठवू नका. सहाला अजून येळ हाय.

सुचिता : आता काय राहिलं?

गंगाराम : परतीचं घड्याळ लावा. मत दिल्यावर मानसाला घरी बी जावं लागतं.