पाणी लागलं, पण जत्रा झाल्यावर

माहं माहेर बोरीचं, जिंतूरकडलं. बाप दोरखंड वळायचा. अंबाडी भिजवायची, कुटायची, वाख काढायचा, आन् मंग आमी पोरी एका टोकाला धरून उभ्या आन् बाप दुसऱ्या टोकाला पीळ देत मागं मागं सरकायला, म्हणून बापाचं तोंड मला आठवतं ते लांबूनच आठवतं. जात मांगाची, राज निजामाचं, शाळा कुणी बघितलेली न्हाई. लगीन झालं तवा मी केवढी होते सांगता यायचं न्हाई, लुगडं पायात यायचं एवढं ध्यानात हाय. सासर सेलूच्या अलीकडं, रेल्वेची शिट्टी ऐकू यायची एवढ्या अंतरावर. गावाचं नाव नका लिहू बाई, अजून आमची माणसं नांदायलीत तिथं.

मालकाचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई, पण मिशनच्या मास्तरांनी घ्यायला लावलं, योहान. बाप्तिस्म्याआधी दुसरं होतं, ते राहू द्या. हलगी वाजवायचा माहा नवरा. काय सांगू तुमाला, तसा हात मी पुन्हा बघितला न्हाई. चैत्रात गावदेवीची जत्रा भरायची, पालखीच्या म्होरं त्याचीच हलगी, चामडं जाळावर धरून तापवायचा, टिचकी मारून कान लावायचा, आन् एकदा का हात सुटला की लोकं पालखी सोडून त्याच्याकडंच बघायचे. मंग ते मिशनचे मास्तर आले. सेलूला उतरून पायी आले, आमच्या घोंगडीवर बसले आन् पाणी मागितलं. आमच्या हातचं! सासू मागं सरली, म्हणली बाबा, आमी मांग हाव, तुमाला बाटवायचं पाप नको आमच्या डोस्क्यावर. मास्तर हसले आन् गटागटा प्याले. बास, मी तिथंच अर्धी झाले येशूची, वचनं-बिचनं मागून शिकले. आमच्या भावकीतली चार-पाच घरं एकदम येशूच्या मंडळीत आली, आन् मालकानं हलगी आढ्याला टांगून दिली, म्हणला आता देवीम्होरं वाजवणार न्हाई.

पाटलानं मारलं न्हाई, शिवीबी दिली न्हाई. खोटं कशाला बोलू. बोलावून घेतलं आन् सांगितलं, तुमचा देव तुमाला मुबारक, पण जो पालखीम्होरं वाजवणार न्हाई त्याच्या घागरीत गावच्या आडाचं पाणी पडणार न्हाई. आता आडाची रीत तुमाला काय ठाऊक. आमी शिवायचं न्हाई. घागर ठिवून लांब उभं राहायचं, आन् वरच्या कुण्या बाईच्या मनात आलं तर ती वरून ओतायची, मनात न्हाई आलं तर बसा ऊन खात. वाण्याची एक काकू होती, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, ती पाणी ओतायला कधी नाट लावायची न्हाई. हुकूम झाला आन् तीबी खाली मान घालून जायला लागली. तिची काय चूक, तिला गावातच राहायचं होतं.

मंग नदी. वाळूत झिरा खांदायचा, वाटीवाटीनं पाणी भरायचं. पण फाल्गुनात झिरे आटले, चिखल यायला लागला. दीर म्हणले, एक तर हलगी उतरवा, न्हाई तर गाव सोडा. मास्तर म्हणले, दोन्ही न्हाई, आपला आड खांदू. मांगवाड्याच्या मागं पडीक जागा होती आमची, तिथं. जत्रेच्या आत पाणी लागलं तर योहानाला हलगीला हात लावायची गरज न्हाई, असं ठरलं. सगळा जीव त्याच्यातच अडकला होता बगा आमचा.

मानवतकडं एक पाणाड्या होता, हाताच्या तळव्यावर नारळ धरून रानात फिरायचा, जिथं नारळ उभा राहील तिथं पाणी. दीर म्हणले त्याला बोलवू. पण मंडळी म्हणली, छे छे, तो देवीचं नाव घेऊन नारळ उचलतो, आपल्याला आता ते चालायचं न्हाई, आपला देव सगळं जाणतो, तोच जागा दाखवील. मंग सगळ्यांनी प्रार्थना केली, आन् असं ठरवलं की मास्तर प्रार्थना करत करत जिथं गुडघे टेकतील तिथं कुदळ मारायची. मास्तर निघाले, आमी मागं. आन् टेकले गुडघे! आता मी म्हातारी झाले म्हणून सांगते, तिथं बाभळीची सावली होती आन् काटे कमी होते, म्हणून टेकले. एवढं मोकळं रान, फाल्गुनाचं ऊन, माणूस सावलीतच बसणार की. पण तवा कुणाच्या मनात आलं न्हाई. आमी हल्लेलूया म्हणलं आन् कुदळ मारली.

वर माती, मंग मुरूम, मुरूम बरा निघाला, आमी बायांनी टोपल्यानं वर काढला, डोस्क्याचे केस गेले माहे तिथं. आन् मंग लागला काळा दगड. पहार मारली की नुसती ठिणगी. मालकाच्या हाताची सालपटं निघाली, चिंधी बांधून मारायला. दगड तापवून त्याच्यावर पाणी ओतलं की तडकतो म्हणतात, पण आमी पाण्यासाठीच तर खांदायलो होतो, ओतायला कुठून आणावं? मी वर बसून म्हणायची, देवा, तुला एवढी अक्कल, तर जरा मऊ जागी टेकवायचे होते की गुडघे त्यांचे. सासू म्हणायची, गप गं, देवाला असं बोलू न्हाई. मी म्हणायची, मंग कुणाला बोलू?

जत्रा तोंडावर आली. आन् त्यातच रुथी आजारी पडली, माही थोरली. ताप, वांत्या, ओठ फुटलेले, नुसती पाणी पाणी करायली. झिऱ्याचा चिखल फडक्यातून गाळून देते तर तोबी उलटून पडायला. मालक बघत बसला. लय वेळ बसला. उठला, आन् आढ्याची हलगी काढली. मी न्हाई म्हणलं न्हाई, जा पण म्हणलं न्हाई. मनात म्हणलं, देवा, आता तरी. आता तरी काही कर.

काही झालं न्हाई. तो वाजवून आला. वाड्यातल्या बाया म्हणल्या, असा वाजवला की आजवर असा वाजवला नव्हता. घरी आला आन् भिंतीकडं तोंड करून पडला. पाटील शब्दाचा पक्का, सांजच्याला वाण्याच्या काकूनं दोन घागरी भरून ओतल्या. रुथीनं पाणी प्यालं, पोटात ठरलं. मीबी प्याले. गोड लागलं बाई ते पाणी, काय करू.

रविवारी मंडळी बसली. मास्तर म्हणले, योहान मूर्तीम्होरं वाजवून आलाय, त्यानं काही दिवस प्रभुभोजनाच्या भाकरीला बसू न्हाई. मालक मुकाट उठून दाराकडं निघाला. बाईमाणूस मंडळीत तोंड उघडत न्हाई, पण मी उभी राहिले. म्हणलं, मास्तर, प्रभूला क्रूसावर तहान लागली तवा तो तहान लागली म्हणला का न्हाई? त्याला आंब, आंबलेला रस का होईना, कुणीतरी दिला. माह्या लेकराला तेबी देणारं कुणी नव्हतं. ह्यानं वाजवलं तवा तिला पाणी मिळालं, आन् ते पाणी मीबी प्यालेय. काढायचं असंल तर मलाबी काढा. एवढं बोलून मी खाली बसले. मला कुठलं एवढं शहाणपण बाई, मला आपली टोपली उचलायची अक्कल. ते बोलणं माहं नव्हतं, ज्याचं होतं त्याचं होतं.

मास्तर उठून भाकरीकडं गेले. मंग त्यांनी भाकर मोडली आन् पयला तुकडा मालकाच्या हातात दिला. मालकाला तो तोंडात घालता येईना, हातातच धरून बसला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सदरा काढला आन् आडात उतरले. खडू धरायचे हात ते, दुपारपर्यंत फोड आले, पण वर येईनात. मालक आन् ते, एक पहार धरायला, एक घण मारायला.

आन् लागलं पाणी! जत्रा उलटून आठवडा झाला नसंल. पहार एकदम खाली गेली, ओढावी तर सुटंना, सुटली तशी धार वर आली. वर सगळे नाचायले, सासू रडायली, मास्तर गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहून गायला लागले. मालक तेवढा पाण्यात बसला. मी वरून हाका मारते तर वर बघंना. मंग वर आल्यावर मला म्हणला, आठ दिवस आधी आलं असतं तर. पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला न्हाई. मास्तरांनी माफ केलं, मंडळीनं केलं, देवानं तर केलंच असंल, पण ह्यो माणूस मरेपर्यंत मंडळीच्या देवळात दाराजवळ बसला, भाकर सगळ्यांच्या शेवटी घ्यायचा. मी म्हणायची, या की म्होरं. म्हणायचा, इथं वारं लागतंय.

पुढं रझाकाराची धामधूम झाली, गावातल्या बाया वाड्याच्या मागं लपायला यायच्या, तवा आमच्याच आडाचं पाणी प्याल्या, कुणी शिवाशिव काढली न्हाई. गडबड सरली की गावचं ते गावचं, आमचं ते आमचं. मालकाला जाऊन लय वर्सं झाली. रुथी जालन्याला हाय, तिला नातू झाला.

आता माहे गुडघे टेकत न्हाईत, पडल्या पडल्याच बोलते त्याच्यासंगं. सकाळी म्हणते, बापा, उठायला बळ दे. देतो. रोज थोडं थोडं देतो, एकदम कधी दिलं न्हाई. आन् वर गेल्यावर पाया पडायच्या आधी इचारणार हाय, आठवडाभर आधी का न्हाई दिलंस? तुला काय जड होतं? माह्या माणसाला तेवढ्यापायी मान वर करता आली न्हाई. तो काय सांगंल ते सांगंल. त्याला सगळं कळतं म्हणतात, कळत असंल, मला न्हाई कळत, आन् न कळताच त्याच्या जिवावर एवढी वर्सं काढली मी. न्हाई सांगितलं तरी जाणार कुठं? दुसरं कोण हाय मला? चला, ऊन व्हायच्या आत निघा, देव तुमाला सुखी ठेवो, लेकराबाळाला सांभाळो. आन् हे जे त्याला बोलले ते पुसू नका बरं, तसंच ठिवा. आमचं भांडण त्याला ठाऊक हाय.