सेनेकाचं बारसं

...अहो, पण मी केलं काय? विचारलं, एवढंच ना! तुम्हाला सांगते, भाचीच्या बारशाला पुण्याहून सिंगापूरला आले, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान कुणाचा? आत्याचा! आणि आत्या कोण? मी! तर बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत पाऊल टाकतेय न टाकतेय तोच आमचा धैर्यशील म्हणतो, "ताई, नाव ठरलंय हं. सेनेका!" त्याची बायको पूर्वी लगेच, "युनिक आहे ना? अख्ख्या कॉन्डोत कुणाचं नाहीये!"

बरं बाई, युनिक. पण हे सेनेका कोण? दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली! मला चैन पडेना. शेजारचा सौमित्र पोस्टडॉक करतो, त्याला खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कॉफी पाजली, म्हटलं बोल. तर म्हणे, "रोममध्ये दोन लेखक होते, बापलेक, दोघंही सेनेका!" घ्या! घरात हाक मारली की ओ कोण देत असेल हो? वर म्हणतो, "अमेरिकेतल्या मूळच्या इरोक्वा लोकांतली एक अख्खी जमात सेनेका. पण ते स्वतःला म्हणतात मोठ्या टेकडीची माणसं. सेनेका हे दुसऱ्यांनी ठेवलेलं." मग त्या रोमवाल्यांचा नि या जमातीचा संबंध? "काही नाही!" ...कमालच की! आणि त्यांच्यात बारसं कोण करतं? आता हे मी विचारणारच ना, आत्या कोण? मी! "आईच्या कुळातली मोठी बाई नाव देते. आणि एकाचं चालू असलेलं नाव दुसऱ्याला देत नाहीत."

झालं! मी तरातरा घरी. "अरे, ज्यांचं नाव उचललंत तेसुद्धा वापरातलं नाव कुणाला देत नाहीत! बदला!" आणि त्या भरात सगळं सांगून बसले... सगळं! पूर्वीची आई, मेधाकाकू, घुगऱ्यांचे हरभरे निवडत होत्या, त्यांनी मान वर केली. "काय म्हणालात? आईकडची मोठी बाई?"

नाव? ते कुठलं बदलतंय! पूर्वी म्हणाली, "नाव त्यांचं, तर रीतही त्यांचीच, नाही का ताई?" धैर्यशील? तो पंख्याकडे बघत होता! वाईट वाटलं हो, खरंच वाटलं. विमानात बसल्यापासून मी ते कुर्रर्र घोकत होते!

रविवारी मेधाकाकू पाळण्यात वाकल्या, कुर्रर्र केलं, सेनेका म्हणाल्या, आणि नाव ठेवणारीच्या पाठीत धपाटे घालायचे म्हणून साऱ्या बायका हात उगारून वळल्या, तर काकू कमरेवर हात ठेवून म्हणतात कशा, "अगंबाई, माझा मणका! आणि धपाटे आत्यालाच हो, आपली रीत म्हणजे रीत!"

काय करता? केली पाठ पुढे!