दादाचं विमान आणि वहिनींचा समुद्र

...नाही, पण मी म्हणतो, या वयात माणसानं शिकावं काय? पेटी शिकावी, बागकाम शिकावं... विमान शिकतात का? आणि येत नव्हतं म्हणून नाही हो! येत होतं! अर्धं आयुष्य मी आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, एक जुनं छोटं विमान उडवत आलो. जाताना तो, येताना मी. तुम्हाला सांगतो, इतकं गरीब विमान की वाऱ्याला विचारून वळायचं! चाकं कायम खाली, एक दांडी पुढं ढकलली की पळायचं, मागं ओढली की दमायचं. गाय हो, गाय! आणि निवृत्त झाल्यावर दादानं आणलं काय? उधळलेला घोडा! इंजिन एकच, पण असलं दांडगं... चाकं पोटात घेणार, पंख्याच्या पात्यांचा कोन बदलायला वेगळी दांडी... मी म्हटलं, "दादा, अरे झेपेल का?" तर म्हणे, "नीट शिकतो की आधी. मग तुझ्या वहिनीला वरून समुद्र दाखवतो."

आणि शिकायला निघाला त्याच सकाळी, सोफ्यावर बसून बुटाची नाडी बांधता बांधता... गेला. हृदय बंद पडलं. एका बुटाची बांधून झाली होती. दुसऱ्याची राहिली.

बरं, सगळे म्हणाले विकून टाका, गिऱ्हाईकही मिळालं. वहिनी म्हणाल्या, "विका की. पण आधी मला समुद्र दाखवा, भाऊजी. परक्याबरोबर मी नाही बसणार." आता सांगा, नाही म्हणता येतं? विमा कंपनीवाल्यांना विचारलं, तर ते म्हणे, "रीतसर प्रशिक्षण घ्या, तोवर हे विमान एकट्यानं हलवायचं नाही!" झालं! बसलो शाळेत!

शिकवणारी कोण? माझ्या मुलीहून लहान मुलगी! बोलायची एवढं हळू, की वाटावं देवळात आलोय. "काका, उजवा पाय तयार ठेवा, नाक डावीकडे पळेल." मी म्हणतोय "कुठला पाय?" तोवर आम्ही गवताकडे निघालेलो! वर गेलो. "काका, ठरलेली उंची आली की सरळ करा." आता सरळ करू या असा विचार माझ्या डोक्यात येईपर्यंत ती उंची खाली राहिलेली! विमान पोचलं होतं हो... मी यायचा होतो!

रोज तेच. वळायचं म्हणेपर्यंत वळण मागं. उतरायचं म्हणेपर्यंत धावपट्टी मागं! एकदा तर अगदी छान, तोऱ्यात उतरायला निघालो. कानात भोंगा वाजायला लागला, मला वाटलं हिचा फोन. ही शांतपणे विचारते, "काका, आपण कशावर उतरणार आहोत?"

"जमिनीवर!"

"हो, पण कशानं?"

...चाकं! चाकं पोटातच! मी दांडी पुढं दाबली आणि पुन्हा वर पळालो, जीव मात्र तिथंच धावपट्टीवर लोळत पडलेला. विमान पोचलं होतं, मी यायचा होतो!

खाली आल्यावर ती म्हणाली, "काका, हात बरोबर चालतात तुमचे. पण विमान जिथं जाणार, तिथं डोकं आधी पोचायला हवं." मी एकदम खेकसलो तिच्यावर. "कसं पोचेल? माझं डोकं अजून त्या सोफ्यापाशी आहे!"

तिला काय कळणार कुठला सोफा... पण तिनं विचारलं नाही. पुढच्या खेपेला वर असताना मी सवयीनं नकाशा उजवीकडे केला. "दादा, धर जरा." तिनं धरला. मी परत मागेपर्यंत धरून बसली. आणि काय गंमत बघा, त्या दिवशी चाकं भोंग्याआधी खाली आली. मग हळूहळू जमलं. एक दिवस ती खाली उतरली आणि दार लावताना म्हणाली, "आता एकट्यानं जाऊन या, काका." गेलो. आलो. रडलोही, पण ते वर. तिथं कोण बघतंय?

मग आल्या वहिनी. ठेवणीतली साडी नेसून, बांगड्या सावरत. दादा गेल्यापासून बाई रात्ररात्र खुर्चीत बसून काढायच्या, घरात सगळ्यांनी सांगून झालं, डॉक्टरांनी गोळ्या देऊन झाल्या, डोळ्याला डोळा म्हणून नाही. त्यांना उजवीकडे बसवलं, पट्टा बांधला, कानावर हेडफोन दिला. गिऱ्हाईक खाली चावीसाठी उभं. म्हणजे काय, ही एकच फेरी! अस्सा वर नेलाय घोडा... कुठं धक्का नाही, कुठं हिसका नाही. आणि किनारा दिसायला लागला, तोच कानात घरघर! तेलाचा काटा बघितला, ठीक. तापमान, ठीक. इंजिन तर गुणी बाळासारखं... मग घरघरतंय कोण? बघतो तर वहिनी! काचेला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून... घोरतायत!

आणि काचेपलीकडे समुद्र. अहो, केवढा! निळा, चमचमता, दादानं सांगितलेला, अगदी तस्सा. हात पुढं केला होता मी उठवायला. नाही उठवलं. वेग कमी केला आणि मोठे मोठे, सावकाश गोल घेत बसलो. ते विमान पळवणं सोपं हो, हळू चालवणं महाकठीण! चाकं सोडताना धप्प आवाज झाला, तेव्हा जीव मुठीत धरला... उठल्या नाहीत. टेकलो तेसुद्धा पीस टेकावं तसं. थांबल्यावर वहिनींनी डोळे उघडले.

"आला का समुद्र?"

"येऊन गेला, वहिनी."

"अगंबाई!" पदरानं तोंड पुसलं. "कसा होता?"

"मोठा होता."

"झोप लागली हो, भाऊजी... किती दिवसांनी लागली..."

जा म्हटलं, घरी जाऊन अजून झोपा. गिऱ्हाईकाच्या हातात चावी ठेवली. तो म्हणतो, "काका, जबरदस्त मशीन आहे! भन्नाट पळवलंत असेल, नाही?"

...म्हटलं, छे हो! पाळणा हलवत होतो.