वाटणीत गेलेलं बटन

जुन्या घड्याळाचा पार्ट मिळत नाही असं सगळे म्हणतात, पण मला एकदा सापडला होता.

वासुदेवकाकांनी वडिलांचं स्विस घड्याळ अमरावतीला माझ्या दुकानात आणलं. आठ दिवसांनी पोरीचं लग्न होतं, त्यात घालायचं होतं. मी मशीन साफ केलं, पण चावी भरायचं बटन दांडीसकट गायब होतं. काका म्हणाले, हरवलं.

अमरावतीत तसं बटन कुठेच नव्हतं, म्हणून अकोल्याच्या एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याकडे गेलो. त्यानं घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं.

"बटन मीच काढलं होतं, बाबू. दोघा भावाईच्या वाटणीत घड्याळ थोरल्या वासुदेवले गेलं, अन बटन धाकट्या मधुकरले. तो मागच्याच गल्लीत राह्यते, जाय."

मधुकरकाकांनी बटन कपाटातून काढून दाखवलं. कापसात गुंडाळून ठेवलं होतं. मी पाकीट काढलं, तेव्हा ते म्हणाले, "पैसे नको मले. त्याले सांग, पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन ये, अन बटन घेऊन जाय."

मी परत येऊन निरोप दिला. वासुदेवकाकांनी घड्याळ हातात घेऊन पाहिलं.

"दुसरीकडं कुठं मिळन काय?"

"नाही, काका."

"बनवून घेतलं तं?"

"लग्नापर्यंत नाही होणार."

"मंग राहू दे बंदच. तू काच काढून काटे मुहूर्ताच्या वेळेवर लावून दे. फोटोत टाइम बरोबर आला म्हणजे झालं."