डीजेवर चढलेला ढावलो

(राळेगावजवळचा बंजारा तांडा. सुनीलच्या खोलीत लखन, हातात माइकचा लोखंडी स्टँड.)

लखन : हात कायले मागं घेतं बे सुनील? ठेव टेबलावर! ह्याच बोटायनं 'गीतकार सुनील राठोड' टाइप केलं नं?

सुनील : नको रे लखन, पाया पडतो. डोक्यातलं रगत थांबून नाही राह्यलं.

लखन : वाहू दे. म्या आमच्या रामधन आज्याचं नाव टाकून गानं नेटवर सोडलं, अन् तू तेच डीजेवर चढवून सोताच्या नावानं खपवतं?

सुनील : आज्याचं काहून? म्या तं तुह्या बहिनीच्या लग्नात ऐकलं. पुष्पाबाईचा ढावलो होय थो. सासरी जातानी साऱ्याच नवऱ्या ढावलो म्हनत गळ्यात पडून रडतेत, त्याले कुठं मालक असते?

लखन : म्हनून तू मालक झाला? ठेव हात!

पुष्पा : (दारातून आत येत) लखन! टाक थो रॉड.

लखन : बाई, तू सासरवरून कवा आली? चाल, घरी जाय. नाही तं सांग याले, आज्याचं होय का नाही.

पुष्पा : नाही.

सुनील : पाह्य! म्या म्हनलं नं!

पुष्पा : तू चूप बस मेल्या. तुहं बी नाही. गानं माहं होय.

लखन : खोटं बोलशीन तं तुह्यावर बी पडन हा!

पुष्पा : मार नं. तुले सवय हाये. याडीनं, आपल्या मायनं शिकवलेला ढावलो लग्नाच्या दिवशी मले आठवलाच नाही. तोंडात आलं थे म्हनलं. बायांनी सूर धरला, अन् तुमाले वाटलं जुनंच होय.

लखन : "भिया, बांगडी फुटली"... हे तू जुळवलं?

सुनील : त्याच ओळीवर तं पोट्टे शिट्ट्या मारतेत!

पुष्पा : जुळवलं नाही रे. सकाळी म्या लग्नाले नाही म्हनलं, तं ह्याच भियानं, सख्ख्या भावानं बैलाच्या दाव्यानं झोडपलं मले. हात पिरगाळला. काच मनगटात घुसली. संध्याकाळी ह्याच्याच गळ्यात पडून थेच सांगितलं. हा बी रडला, लोकायदेखत.

लखन : मले वाटलं... रीतीचं रडून राह्यली.

पुष्पा : हाव. साऱ्यायलेच वाटलं.

लखन : बाई, तुहं नाव टाकतो. आत्ताच टाकतो.

पुष्पा : नाव राहू दे. तुमी दोघं बी थे वाजवनं बंद करा. माही पोरगी नाचाले लागली त्याच्यावर.